पाय न भिजवता खाजनाचा अभ्यास कसा करावा

खाजन शेतीवर, म्हणजे गोव्यात खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनीतल्या शेतीवर, पेपर लिहायचा म्हणता? मग पहिली खबरदारी : ज्याच्या घरची खाजनात शेती आहे असा विद्यार्थी प्रकल्पावर घेऊ नका. तो पक्षपाती असतो. बाटली भरण्याआधी 'आज तिथी कुठली?' असले अवैज्ञानिक प्रश्न विचारतो.

मातीचे नमुने ऑगस्टमध्येच घ्या. पावसाने मीठ धुऊन गेलेले असते, विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली मिळते आणि 'माती खारट नाही' म्हणायला मोकळे. मे महिन्यात तीच माती मिठाने पांढरी दिसते, पण मे महिन्यात ऊन फार.

पाण्याचे नमुने दर पंधराव्या दिवशी, सकाळी ठीक अकराला. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे पंधरा दिवसांनी अकरा वाजता जवळपास तीच भरती पुन्हा गाठता येते. आलेख अगदी सपाट! खाली 'क्षारता स्थिर' असे लिहा. मधल्या दिवसांत काय होते ते मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) रात्र काढणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याला प्रवासभत्ता कुठे मिळतो?

मानस प्रस्तावनेतच उरकून टाका. तिची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. मोटर नाही, सेन्सर नाही, म्हणजे 'पारंपरिक'. शेतात खारे पाणी शिरले तर दोष सरळ समुद्रपातळीला द्या, निधी तिथेच आहे. पावणीत (लिलावात) मानस घेतलेल्याने मासळी जास्त यावी म्हणून भरतीला दार अडकवून ठेवले होते का, कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) बांध पोखरला का, आणि तो बुजवायचा कोणी, कोमुनिदादीने (गावाच्या सामाईक जमिनीची मालक असलेल्या संस्थेने) की कुळांनी? हे समाजशास्त्र. दुसऱ्या विभागाचे काम.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्टाचा कित्ता तर मुळीच गिरवू नका. १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात त्याने इथल्या हिंदू वैद्याचे नाव घातले, वनस्पती आणून देणाऱ्या दासीचेही. आजचा परीक्षक 'नमुन्याची निवड कशी केली?' एवढे विचारून पेपर परत पाठवील.

तुम्ही आभारात 'ग्रामस्थांचे सहकार्य लाभले' एवढेच लिहा. नाव घातलेत की तो माणूस पेपरची प्रत मागणार, आणि वाचून विचारणार, की पोंयीतले (मानशीच्या आतल्या तळ्यातले) पाणी भरलेत तेव्हा मानशीचे दार उघडे होते की मिटलेले?