'मत्स्यगंधा' एका ओळीत उरकलंत

अभिनेत्री आशालता वाबगावकरांवरच्या तुमच्या या लेखात हिंदी सिनेमातल्या आईच्या भूमिकांचीच यादी मोठी. 'मत्स्यगंधा' नाटक मात्र एका ओळीत उरकलंत, वाईट वाटलं. १९६४ सालच्या त्या नाटकातली सत्यवती आणि संगीतकार अभिषेकीबुवांच्या चालीतलं 'गर्द सभोवती' हे गाणं, आमच्या घरात तरी त्यांची ओळख हीच. रेडिओवर ते लागलं की आई निवडायला घेतलेली मेथी तशीच मांडीवर ठेवून ऐकायची. मालिकेच्या चित्रीकरणासाठी साताऱ्याला आल्या असतानाच बाईंना कोरोना झाला आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी त्या इथेच गेल्या. गोव्याची ही गुणी बाई, शेवट आमच्या गावात. त्या दुपारी आई जेवली नाही. "इतक्या जवळ होत्या, नि लांबूनसुद्धा बघता आलं नाही गं," एवढंच म्हणाली.