सगळेच गोरे, मग वैविध्य कसले?

फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी या कॅथलिक संत स्त्रीवरचा, २०२४ साली आलेला ‘कॅब्रिनी’ हा चित्रपट परवा आम्ही धुळ्याला घरी पाहिला. संपता संपता धाकट्या भावाने शेरा मारला, की पडद्यावर जवळपास सगळेच गोरे आणि सगळेच ख्रिस्ती असताना यात वैविध्य ते कसले? मला ते पटले नाही, पण जेवताना नीट सांगताही आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

१८८९ साली ही इटालियन धर्मभगिनी सहा सहकारिणींना घेऊन न्यूयॉर्कला पोहोचली. तिला खरे तर चीनला जायचे होते. पोप तेरावे लिओ यांनी तिला पूर्वेऐवजी पश्चिमेला धाडले. तिथे आर्चबिशप कॉरिगन यांनी तिला आल्या पावली परत जायला सांगितले. कॉरिगन स्वतः आयरिश स्थलांतरितांचे पुत्र. त्या काळी तिथल्या कित्येक चर्चमध्ये वर आयरिश मंडळी बसत आणि इटालियनांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, तळघरात होई. धर्म एक, पोप एक, मिस्सेची लॅटिनही एकच, तरी जागा तळघरात. ज्यांच्या चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. माणसाला परके ठरवायला बोलण्याचा हेल आणि कपड्यांना येणारा लसणाचा वासही पुरतो.

म्हणूनच मला या चित्रपटात सर्वांत मोलाची वाटली ती भाषा. क्रिस्तियाना डेल’अन्ना या इटालियन अभिनेत्रीची कॅब्रिनी आपल्या माणसांत इटालियन बोलते आणि अधिकाऱ्यांपुढे शब्द मोजत इंग्रजी. पुण्याच्या वसतिगृहात असताना मी घरी फोन करायला जिन्यात जाऊन उभा राहत असे, कारण ‘काय करी राह्यनी माय’ एवढे अहिराणी कानावर पडले तरी खोलीतली मुले हसत आणि पुढे आठवडाभर मला तेच ऐकवत. त्यांचा धर्म माझाच होता आणि, त्यांच्या मते, भाषाही. (आपल्या मराठी पडद्यावर अहिराणी बोलणारा माणूस आला, की तो बहुधा हसवायलाच आलेला असतो.)

तक्रारही आहे. इथले गरीब इटालियन बहुतेक आजारी, अनाथ किंवा कुणीतरी वाचवण्याची वाट पाहणारे आहेत, आणि बरोबर आलेल्या सहा जणींपैकी एकीचेही नाव माझ्या लक्षात राहिले नाही. महापौराचे पात्र तर पदरचे आहे; त्याला खलनायक केल्यामुळे चर्चच्या आतला आयरिश-इटालियन काटा, जो खरा बोचरा होता, थोडा बोथट होतो.

गेल्या वर्षी एका शाळेच्या गॅदरिंगला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. समाजसेविकेची भूमिका शहरातल्या मुलीला होती. धडगावकडच्या एका पावरा मुलीला ‘आदिवासी’ म्हणून उभे केले होते, आणि सातपुड्यात होळीला ‘बुध्या’ होऊन नाचणारे पुरुष घालतात तसला मोरपिसांचा टोप तिच्या डोक्यावर चढवला होता. तो सारखा कपाळावर घसरत होता आणि ती डाव्या हाताने मागे सारत होती. तिला वाक्य एकही नव्हते. भावाच्या मोजणीने पाहिले, तर तो रंगमंच ‘कॅब्रिनी’पेक्षा वैविध्याचा ठरतो.