संस्कृती बदलायचीय? खुर्च्या गोल मांडा!

ऑफिसची संस्कृती बदलायची म्हणता? सोपं आहे हो. माणसं तीच ठेवा, साहेब तेच ठेवा, फक्त मीटिंगचं बारसं नव्याने करा. 'आढावा बैठक' म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. तिलाच 'संवाद-कट्टा' म्हणा.

खुर्च्या गोल मांडा. हात असलेली एकच, ती साहेबांची.

मीटिंग उभ्याने घ्या. 'स्क्रम' नावाची टीमने काम करायची पद्धत काढणाऱ्यांनी रोजच्या मीटिंगला १५ मिनिटांची मर्यादा घातलीय, पण आपण मोठ्या मनाने पन्नास द्यावीत. गुडघे बोलू लागले की समजायचं, बदल मुरतोय.

अमेझॉनमध्ये २००४ साली पॉवरपॉइंटला रजा देऊन सहा पानी टिपण आणलं, आणि ते सगळ्यांनी सुरुवातीला गप्प बसून वाचायचं. तुम्हीही आणा. टिपण आदल्या रात्री अकराला ज्युनियरच्या गळ्यात मारा, आणि सगळे वाचत असताना साहेबांना ते मोठ्याने समजावून सांगू द्या.

रंगीत चिठ्ठ्या विसरू नका.

आणि हिंमत असेल तर 'ओपन स्पेस' करा. हॅरिसन ओवेन नावाच्या गृहस्थांनी १९८५मध्ये सुरू केलेला हा प्रकार. अजेंडा आधी ठरवायचा नाही, जमलेल्यांनीच विषय मांडायचे. शिवाय 'दोन पायांचा नियम': जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठायचं आणि दुसऱ्या गटात जायचं. आमच्याकडे गेल्या मंगळवारी झालं. भिंतीवर दोन पावलांचं मोठं चित्र, शेजारी विषय आधीच छापून चिकटवलेले! मी चिठ्ठीवर 'कामाचे तास' लिहिलं, ती हसतमुखाने 'पार्किंग लॉट'मध्ये, म्हणजे 'नंतर बघू'च्या यादीत, गेली. (तिथे गाडी लागते, निघत नाही.) मग चाळीस मिनिटं एकटे साहेब बोलले. टीममधली एक नवी मुलगी नियमाप्रमाणे उठली आणि शेजारच्या गटाकडे निघाली. साहेब थांबले. "कुणाला तरी फार घाई दिसतेय." सगळे हसले. मीही हसलो, त्याची लाज अजून गेलेली नाही. बुधवारी तिला केबिनमध्ये बोलावून 'ॲटिट्यूड'वर अर्धा तास ऐकवलं.

अहो, ती पावलं भिंतीवर तुम्हीच चिकटवलीत ना? पाळायचा नव्हता तर नियम लावला कशाला? मीटिंग चालवायला बाहेरून फॅसिलिटेटर आणता, 'मोकळेपणाने बोला' म्हणता, आणि कुणी खरंच बोललं की त्याचं नाव डोक्यात लिहून ठेवता! लोक काही मूर्ख नाहीत. उठलेल्या मुलीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, आता कुणी जागचं हलणार नाही. नवे फॉरमॅट पुरे झाले. आधी तिची माफी मागा, जशी सगळ्यांसमोर टिंगल केलीत तशीच सगळ्यांसमोर. आणि एकदा तरी स्वतः शेवटी बोलून बघा.

पुढच्या मंगळवारी पुन्हा ओपन स्पेस आहे. हजेरी सक्तीची, असं मेलमध्ये ठळक अक्षरात लिहिलंय.