चौदा वर्षं न उपसलेली टाकी: मांजरीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

सेप्टिक टँकच्या देखभालीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंत. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: पुण्याजवळ मांजरी बुद्रुकला बंगला, घरात पाच माणसं, टाकी आठ बाय चार, पाण्याची खोली पाच फूट. १४ वर्षांत एकदाही उपसलेली नाही. संडास तुंबला नाही, वास नाही. वर्षाला जिवाणूंच्या पावडरीचा एक पुडा टाकता. ‘दर तीन वर्षांनी उपसा म्हणणारे तुम्ही टँकरवाल्यांचे एजंट काय?’ आणि वर, ‘अगदी वेळ आलीच तर दोन माणसं निम्म्या पैशात काढून देतात.’

एजंट नाही. कुठल्या टँकरवाल्याने मला अजून चहासुद्धा पाजलेला नाही.

मापं तुम्हीच दिलीत ते बरं झालं. तुमच्या टाकीत १६० घनफूट, म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. कुजून उरणारा गाळ माणशी वर्षाला ४० लिटर धरतात. पाच माणसं, १४ वर्षं: २,८०० लिटर. वरचा तवंग यात धरलेला नाही. गाळ पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर आला की उपसावा, असा ठोकताळा आहे. तुमच्याकडे ती वेळ सातव्या-आठव्या वर्षीच येऊन गेली असणार. घरात दोनच माणसं असती तर मीही एवढी घाई केली नसती.

मग तुंबत कसं नाही? टाकीत जितकं पाणी येतं तितकंच पलीकडून बाहेर पडतं. गाळ वर आला तरी उरलेल्या फूट-दीड फुटातून पाणी वाट काढतं. त्याला टाकीत थांबायला वेळ मिळत नाही, एवढंच. खाली बसायला हवं ते सगळं पाण्याबरोबर शोषखड्ड्यात (टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) जातं आणि खड्ड्याच्या भिंतींवर काळा, चिकट थर धरतो. तुमच्या भागात नदीकाठची काळी माती. ती भिजली की फुगते, पाणी आधीच नीट पीत नाही. टाकी दोन तासांत उपसून होते. बुजलेला खड्डा सहसा दुसरीकडे नवा खणावा लागतो.

आणि इतकं होऊनही खड्डा भरत नसेल, तर मला जास्त काळजी वाटते. पाणी मग जातंय कुठे? एकतर बांधताना गवंड्याने जादा पाइप काढून मागच्या ओढ्यात सोडलेला असतो (विचारून बघा, घरमालकालाच ठाऊक नसतं). नाहीतर खड्डा खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगेला लागलेला असतो. माती सांडपाणी गाळते, भेग गाळत नाही. बोअरवेलचं पाणी त्याच भेगांतून येतं. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा निदान १८ मीटर लांब हवा असं मानक आहे, आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर ते पाळणं अवघड. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या.

पावडरीचं थोडक्यात. लागणारे जिवाणू आपणच रोज फुकट पाठवतो. केस, वाळू, प्लॅस्टिक, न कुजणारा उरलेला गाळ, हे कुठल्याच पुड्याला पचत नाही. त्या पैशात स्वयंपाकघराच्या नळीवर तेलकट पाणी अडवणारा छोटा चेंबर बांधा.

आता ती ‘दोन माणसं’. इथे मी आवाज चढवणार, राग मानू नका. गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वायू गेला. एकजण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. पुण्याच्या आसपास हे घडलेलं आपण पेपरात वाचलंय. २०१३च्या कायद्याने माणसाला असं विनासुरक्षा उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळेसच दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई द्या, असं सुप्रीम कोर्टाने २०२३मध्ये सांगितलं. पण कायदा नसता तरी निम्म्या पैशासाठी कुणाला उतरवावं, असं तुम्हालाही वाटणार नाही.

एक मुद्दा मात्र तुमचा पटला: टँकरवाले मैला रात्री ओढ्यात सोडतात, मग उपयोग काय? सगळे नाही, पण काही सोडतात. म्हणून ठरवतानाच विचारा, कुठे रिकामा करणार, आणि पावती मागा. तुमचं गाव २०२१ला महापालिकेत आलं. क्षेत्रीय कार्यालयात या कामाचा अर्ज करता येतो का, तेही बघा. वाईसारख्या छोट्या नगरपालिकेने घरोघरच्या टाक्या दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसायची पद्धत बसवली आणि मैल्यावर प्रक्रियाही सुरू केली. वाईला जमतं.

हिशोब नको, डोळ्यांनी बघायचंय? लांब बांबूच्या टोकाकडच्या तीन-चार फुटांना जुना पांढरा पंचा गुंडाळून बांधा. झाकण काढून थोडा वेळ उघडं ठेवा, वाकून आत बघू नका, काडी-बिडी पेटवू नका, नातवंडं लांब. बांबू सावकाश तळाला टेकवा, चार-पाच मिनिटांनी वर काढा. पंचा जिथपर्यंत काळा, तितका गाळ. झाकण लगेच बसवा. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा टी पाइप (इंग्रजी T च्या आकाराचा, तवंग अडवणारा) जागेवर आहे का, ते उपसायच्या वेळी टँकरवाल्याकडून बघून घ्या. तो तुटला की तवंग थेट खड्ड्यात जातो.

उपसायचं ठरलं तर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत. गल्लीत टँकर शिरत नाही म्हणालात. सक्शनच्या नळीला तुकडे जोडता येतात, फाटकापासून टाकीपर्यंतचं अंतर फोनवरच सांगा. काळा पट्टा किती इंच निघाला ते इथे लिहा, मग पुढच्या वेळी किती वर्षांनी उपसायची ते तुमच्याच आकड्यांवरून काढू.