खानापूरच्या दादांना, जरा सविस्तर

दादा, नमस्कार. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. अमेरिकेतली प्रयोगशील दिग्दर्शिका माया डेरेन, तिच्या १९४३ च्या ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ या लघुपटावर मी लिहिलं आणि तुम्ही चांगलंच झोडपलंत: १४ मिनिटं एक बाई जिना चढते, किल्ली पडते, परत चढते, संवाद नाही, गोष्ट नाही, आणि म्हणे सुप्त मन! वर, आपल्या भागात लोकांनी मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या आणि तुम्हाला बिनभाषेच्या सिनेमाचं कौतुक.

आधी माझी चूक. ‘सुप्त मन’ हा शिक्का मी घाईनं मारला. डेरेनचे वडील मानसोपचारतज्ज्ञ, तरी (की म्हणूनच?) फ्रॉइडच्या चष्म्यातून आपला सिनेमा बघितलेला तिला आवडत नसे. तुम्ही बघितलेल्या प्रतीत संगीत होतं, हेही खरं. ते तेइजी इतोनं १९५९ मध्ये दिलं. मुळात सिनेमा पूर्ण मूक.

पण गोष्ट नाही, हे काही पटत नाही.

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला माझी आत्ती राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं. त्या रात्रीचं विचारलं की ‘आलं, गेलं’ एवढंच बोलते. पण पावसाळा लागला की रोज तिन्हीसांजेला ट्रंक कॉटवर चढते, ट्रंकेवर तांदळाचा डबा, डब्यावर रेशनकार्डाची पिशवी. मध्यरात्री उठून उंबऱ्यापलीकडं हात लावून बघते, ओल आहे काय. सकाळी सगळं परत खाली. गेल्या वर्षी मी म्हटलं, ‘आत्ती, आज पाऊस नाही म्हणून सांगितलंय.’ तिनं मान डोलावली आणि ट्रंकेचं एक कडं माझ्या हातात दिलं.

डेरेनच्या त्या घरातही वस्तू त्याच, जागा तेवढ्या बदलतात. सुरी आधी पावात, मग जिन्यावर, मग बिछान्यात. बाई तोंडातून किल्ली काढते, आणि हातात तिची सुरी झालेली असते. आत्तीवर कथा लिहायला मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा कागदावरची आत्ती भडाभडा बोलायला लागली आणि खोटी वाटली. फाडून टाकली.

आता भाषेचं. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आला की शेजाऱ्याकडून वाचून घेणाऱ्या घरातला मी, त्यामुळं तुमचा मुद्दा हसण्यावारी नेत नाही. पण १९८७ चा ‘पुष्पक’ आठवा. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा, कर्नाटकात ‘पुष्पक विमान’. त्यात तरी कुठं होता संवाद? आमच्या गल्लीत मराठी-कन्नड दोन्ही घरं टीव्हीपुढं एकत्र बसून हसली, समजावून सांगायला कुणी लागलं नाही. हसवणारा असला की शब्दांवाचून चालतं, जीव घाबरा करणारा असला की मात्र आपण ‘गोष्ट कुठाय’ म्हणून विचारतो, नव्हं?

एकदा आवाज बंद करून बघा. तरी नाही पटलं तर इथंच लिहा, शिव्यांसकट ठेवीन.