‘लांबी गुणिले उंची गुणिले पाच’: विटांचा हा हिशोब घर बांधणाऱ्याला गोत्यात आणतो

‘ठेकेदाराकडून फसू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय: भिंतीची लांबी आणि उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, त्याला पाचने गुणा, तेवढ्या विटा. वीट कुठलीही असो, ब्लॉक असो, हिशोब तोच. १ ब्रासला ५०० विटा. दारं-खिडक्या वजा करू नका. तुटफूट धरू नका, ती ठेकेदाराची लूट. १०० विटांना १ गोणी सिमेंट.

घणसोलीच्या मावशीपर्यंत हा मेसेज पोचला आणि ती गावठाणातल्या घराच्या कंपाउंडसाठी याच आकड्याने विटा मागवायला निघाली. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

पाच हा आकडा अगदीच खोटा नाही, एवढं मान्य करतो. चार इंची, म्हणजे अर्ध्या विटेच्या भिंतीला तो बसतो. आयएस १०७७ या भारतीय मानकात मॉड्युलर विटेचं माप १९० × ९० × ९० मिलिमीटर आहे. १० मिलिमीटर सांधा धरला की भिंतीच्या तोंडावर एका विटेला २०० × १०० मिलिमीटर जागा लागते. म्हणजे चौरस मीटरला ५० विटा, १०० चौरस फुटांना साधारण ४६५. वर तुटफूट धरली तरी ५०० च्या आत.

पण मेसेजमध्ये भिंतीची जाडीच नाही! नऊ इंची भिंतीला विटा दुप्पट लागतात, १०० चौरस फुटांना ९३०. एक कंपाउंड घ्या: ४० फूट लांब, ५ फूट उंच, नऊ इंची. मेसेज सांगतो १,००० विटा. प्रत्यक्षात जमिनीवरच्या २०० चौरस फुटांनाच १,८६० लागतात. जमिनीखाली दीड फूट बांधकाम असेल तर आणखी ५६०. खांब आणि पायाचे रुंद थर वेगळेच. म्हणजे निम्म्या विटाही आलेल्या नाहीत. मग मालकाला वाटतं गवंड्याने विटा लांबवल्या, आणि साइटवर भांडण. त्याहून वाईट म्हणजे उरलेली भिंत चार इंचीत उरकायचं ठरतं. मधे खांब नाहीत, मागे मातीचा भराव टेकलेला. जुलैच्या पावसात भराव पाणी धरून जड होतो आणि अशी भिंत बाहेरच्या बाजूला आडवी होते. गल्लीत त्या भिंतीला लागूनच पोरं खेळत असतात. या मेसेजचा मला राग आहे तो यासाठी.

‘१ ब्रासला ५००’ हा दुसरा घोटाळा. आपल्याकडे ब्रास दोन आहेत. रेती, खडी, मुरूम मोजायचा ब्रास १०० घनफुटांचा. प्लास्टर, लादी मोजायचा १०० चौरस फुटांचा. १०० घनफूट वीटकामाला मॉड्युलर विटा १,४०० च्या वर लागतात, भट्टीच्या ९ × ४ × ३ इंची विटा सुमारे १,२५०. कोटेशनमध्ये ‘ब्रास’ दिसला तर कुठला, ते आधी विचारा.

‘वीट कुठलीही असो’ हे तर धडधडीत चूक. भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या भट्ट्यांची वीट ९ × ४ × ३ म्हणून विकली जाते, पण पुष्कळदा पाव इंच बारीक निघते. पूर्ण मापाची वीट चार इंची भिंतीत १०० चौरस फुटांना ४५५ लागते. लांबी-उंचीत पाव पाव इंच कमी असलेली ५०५ लागते. म्हणजे जिथे पाचचा आकडा बसतो तिथेही तो तोकडा पडतो. गवंडी ही कसर जाड सांध्याने भरून काढतो, त्यात सिमेंट जातं आणि भिंत कमजोर होते. मानकातली मोजायची पद्धत घरीही जमते: २० विटा एकीला एक लावून ओळीत ठेवा आणि टेप लावा. मॉड्युलर विटेची लांबी ३,७२० ते ३,८८० मिलिमीटर भरली पाहिजे. भट्टीच्या विटांची ओळ मोजून २० ने भागा, जे माप येईल तेच हिशोबात घ्या. लांबी आणि उंची इंचांत, दोन्हींत सांध्याचे ३/८ इंच मिळवा, दोन्हींचा गुणाकार करा, त्याने १४४ ला भागा. ही चौरस फुटाची संख्या चार इंची भिंतीची. नऊ इंचीला दुप्पट.

ब्लॉकचं तर बोलायलाच नको. ६०० × २०० मिलिमीटर तोंडाचे एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक १०० चौरस फुटांना ७६-७७ लागतात. मेसेजच्या हिशोबाने ५०० येतील!

दारं-खिडक्या वजा न करण्याचा नियम बहुधा प्लास्टरच्या मोजमापातून उचललाय. तिथे अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा होत नाही, ३ चौरस मीटरपर्यंतचं एकाच बाजूने होतं. वीटकामात सूट फक्त ०.१ चौरस मीटरपर्यंत. ३ × ७ चं दार आणि ४ × ४ ची खिडकी मिळून ३७ चौरस फूट. नऊ इंची भिंतीत जवळपास ३४५ विटा उगाच येऊन पडतील.

सिमेंटचा आकडाही फुगवलेला. नऊ इंची कामात १:६ च्या (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती) मालाला ५०० मॉड्युलर विटांमागे सव्वा ते दीड गोणी पुरते, पाच नव्हे. चार इंचीला १:४ धरतात, तरी दोनच्या आसपास.

राहिली तुटफूट. ट्रकमधून उतरवताना कोपरे जातात, अद्धे (अर्ध्या विटा) तोडताना वीट फुटते, काही कच्च्या निघतात. ५ टक्के धराच. विटा डंपरमधून थेट ओतल्या तर त्याहून जास्त जातात, म्हणून हाताने उतरवून चट्टा लावायचं आधीच ठरवून घ्या. शिवाय पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात. जूनअखेर २०० विटा कमी पडल्या तर मिळतील त्या दुसऱ्या भट्टीच्या, दुसऱ्या मापाच्या, आणि थर जुळणार नाहीत. कंपाउंड पावसाआधी उरकायचं असेल तर मेच्या सुरुवातीलाच पूर्ण संख्या एका भट्टीकडून उतरवून घ्या.