बायका नोकरीला लागल्या म्हणून मंडळं बंद पडली म्हणे!

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. सारांश असा की हार्वर्डच्या प्रोफेसरनं सिद्ध केलंय, मोबाईल आणि बायकांच्या नोकऱ्या या दोन गोष्टींनी समाज मोडला, पूर्वी घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या मंडळात असायचा, आता कोणी नाही आणि तरुण तर नाहीतच. आमच्या काकांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली वहिनीला टॅग करून लिहिलं, "वाच आणि विचार कर." वहिनी बँकेत नोकरी करते आणि सोसायटीची सेक्रेटरीही तीच आहे, कारण दुसरं कोणी पुढे येत नाही. तिनं अंगठा दाखवून विषय सोडला, मला काही सोडवेना.

तर हा प्रोफेसर म्हणजे रॉबर्ट पुटनम. त्याचा अभ्यास अमेरिकेचा, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. त्याचे आकडे खरे आहेत, ते मान्य. तिकडच्या पालक-शिक्षक संघांचे १९६४ साली १ कोटी २० लाखांवर मेंबर होते, १९८२ पर्यंत ते जेमतेम ५० लाखांवर आले. १९८० ते १९९३ मध्ये बोलिंग (चेंडू घरंगळवून पिना पाडायचा खेळ, क्रिकेटमधलं नव्हे) खेळणारे १० टक्क्यांनी वाढले पण टीम करून लीगमध्ये खेळणारे ४० टक्क्यांनी घटले.

पण मोबाईल कुठून आला यात? हे आकडे ज्यात आहेत तो पुटनमचा निबंध छापून आला जानेवारी १९९५ ला, आणि भारतात पहिला मोबाईल कॉल लागला त्याच वर्षी ३१ जुलैला! पुटनमनं बोट दाखवलं होतं टीव्हीकडे. म्हणजे रोज संध्याकाळी सिरीयल आणि न्यूज चॅनलच्या भांडणांसमोर बसणाऱ्यांनी हा फॉरवर्ड पाठवावा, काय बोलायचं.

आता बायकांचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. हे पूर्ण हवेतलं नाही, त्या १९९५ च्या निबंधात पुटनमनं बायकांच्या नोकऱ्या हे एक संभाव्य कारण म्हणून दिलं होतं, तेही यादीत वरतीच. फॉरवर्डवाल्यानं तिथंच वाचन थांबवलेलं दिसतंय. कारण पुढे पुटनमनंच हिशोब मांडला आणि २००० सालच्या पुस्तकात वेळ आणि पैशाची ओढाताण, नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या धरून, या सगळ्याला मिळून फार तर १० टक्के दोष दिला. साधारण निम्मा वाटा पिढी बदलल्याचा, टीव्हीचा २५ टक्क्यांपर्यंत. वर हेही की नोकरी करणारी माणसं घरी असणाऱ्यांपेक्षा थोड्या जास्तच संस्थांमध्ये असतात. आमच्या वहिनीकडे बघून हे मी हार्वर्डला न जाता सांगितलं असतं. आणि समजा १०० टक्के दोष नोकरीचा असता, तरी मंडळ चालावं म्हणून बाईनंच घरी बसायचं? नोकरी तर काकांनीपण केली की.

"पूर्वी घरटी एक" हे तर कुठल्या पूर्वी, तेच कळत नाही. पुण्यात १८७० ला सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद व्हायला निदान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र लागायचं, म्हणजे सभेत एक आणि घरी पन्नास. बायकांना १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज वेगळा काढून दिला.

आणि "आता कोणी नाही"? बचत गटातल्या बायका मोजल्याच नाहीत वाटतं. नाबार्डनं १९९२ ला गट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि आज ग्रामीण आजीविका अभियानाखाली, आपल्याकडे ज्याला 'उमेद' म्हणतात, देशभरात ९० लाखांवर गट आणि १० कोटींच्या आसपास बायका आहेत. मीटिंग, हजेरी, वर्गणी, आतल्या आत कर्ज, इतिवृत्ताची वही, सगळं रीतसर. हो, यामागे सरकारी रेटा आहे, कर्जासाठी येणाऱ्याही आहेत आणि नेत्यांच्या सभेला गाड्या भरून नेतात तेही खरं. पण मग पूर्वीची मंडळं काय निव्वळ निष्कामच होती?

राहिले तरुण. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपला, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेला, २०१६ ते २०१९ उन्हात खोदायला तरुण होतेच की. मेंबरशिपची पावती फाडत नाहीत, जुन्या मंडळांना माणसं मिळत नाहीत, हे मात्र खरं. पण त्या मंडळांमध्ये अध्यक्ष वर्षानुवर्षं तेच, खजिनदार तेच, आणि नवीन पोराला बोलवायचं ते सतरंज्या घालायला आणि खुर्च्या लावायला. हिशोब विचारला की "तू अजून लहान आहेस". तो कशाला परत येईल?